मैदान आणि घर : क्रीडाशिक्षकाने खो कुणाला द्यायचा?



एरवी मी खेळाचे फायदे, खेळाडूवृत्ती, आहार असल्या विषयांवर लिहितो. आज थोडं वेगळं लिहिणार आहे. विषय आहे मैदानावर उभ्या असलेल्या माणसाचा. म्हणजे तुमच्या मुलांचे पी.टी.चे सर, खेळाच्या बाई, तालमीतले वस्ताद. यांना घर असतं का? असलं तर ते घरी कधी असतात?

मी वैरागला क्रीडाशिक्षक आहे. नोकरीला सतरा वर्षं झाली. खो-खो हा माझा खेळ. बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या आपल्या या गावात पहाटे साडेपाचला निघालात, तर दूधवाले, एस.टी. पकडणारे आणि मैदानाकडे निघालेल्या पोरी एवढेच लोक रस्त्यावर दिसतात. त्या पोरींच्या मागे शिट्टी गळ्यात अडकवलेला एक माणूस असतो, तो मी. हे सांगताना मला अभिमान वाटतो आणि तो खोटा नाही. पण त्या अभिमानाखाली बरंच काही झाकलं गेलं, ते आज उघडं करून सांगायचं आहे.

आधी हिशेब मांडू

आपण शिक्षक माणसं, तेव्हा आधी गणित. सोमवार ते शुक्रवार शाळा साडेदहा ते पाच, म्हणजे साडेबत्तीस तास. शनिवारची सकाळची शाळा चार तास. झाले साडेछत्तीस. रोज पहाटे पावणेसहा ते सव्वासात मैदान, सहा दिवसांचे नऊ तास. संध्याकाळी पुन्हा पावणेदोन तास, सहा दिवसांचे साडेदहा. बेरीज करा. 56 तास.

यात रविवारच्या मॅच नाहीत. स्पर्धेला जाताना एस.टी.त बसलेले तास नाहीत. ऑनलाइन नोंदणी, जन्मदाखला, बोनाफाईड, आधार, फोटो चिकटवलेली ओळखपत्रं, पालकांची संमतीपत्रं हे काही नाही. रात्री साडेदहाला वाजणारा फोनही नाही : "सर, उद्या पोरीला पाठवू का? पाऊस पडंल वाटतंय."

आता दुसरा आकडा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी आठवड्याचे तास दिले आहेत. तयारीच्या वेळेसकट 45. आम्ही त्याच्या कितीतरी पुढे आहोत. आणि हे कुणी जबरदस्तीने लादलं असंही नाही. बरंचसं आम्हीच ओढून घेतलं आहे. म्हणून तर हा प्रश्न अवघड आहे. सक्ती असती तर निवेदन दिलं असतं. हौसेविरुद्ध निवेदन कुणाला द्यायचं?

हंगाम सुरू झाला की

ज्यांच्या घरात खेळाडू नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा गटांत होतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य आणि नशीब असलं तर राष्ट्रीय. संघ जिंकत गेला की शिक्षकाचा मुक्काम वाढत जातो. हरलेला सर दुसऱ्या दिवशी घरी जेवतो, जिंकलेला सर दुसऱ्या गावच्या शाळेत सतरंजीवर झोपतो. पोरींचा संघ असेल तर रात्रभर झोप कसली! दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचं. सोबतच्या बाईंचीही तीच गत. बारा पोरी परक्या गावात आपल्या भरवशावर आल्या आहेत, हे डोक्यातून जात नाही.

2023 पासून एस.टी.त महिलांना निम्मं तिकीट झालं. तेव्हापासून आमच्या पोरी गाडीत बसल्या की हसतात, "सर, आमचं अर्धं आणि तुमचं पूर्ण!" मीही हसतो. पण कधीकधी वाटतं, पोरी बरोबरच बोलतात. पूर्ण तिकीट आमचंच लागतं.

माझी चूक

हा लेख लिहायला बसलो त्याचं खरं कारण आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्हा स्पर्धेच्या आधी सलग चार रविवार मी घरी नव्हतो. शाळेत त्याच महिन्यात इतरही कामं होती. झोप जेमतेम पाच तास. सरावात एक पोरगी म्हणाली, "सर, गुडघा दुखतोय." चांगली धावणारी, साखळी पळण्यात तिच्यासारखी दुसरी नाही. मी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. म्हणालो, "थोडं पळ, मोकळं होईल." दोन दिवसांनी ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही.

स्पर्धेत खांबाजवळ वळताना ती खाली बसली ती उठलीच नाही. बार्शीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघा दाबून पाहिला आणि मला म्हणाले, "सर, हे आजचं नाही. पंधरा दिवसांचं तरी आहे." मी मान खाली घातली. ती पोरगी तीन महिने मैदानाबाहेर राहिली. तिच्या वडिलांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, उलट म्हणाले, "सर, तुम्ही तरी किती बघणार?" ते वाक्य मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

मी वाईट शिक्षक नाही. बी.पी.एड.ला शिकलो आहे, दुखापत कशी ओळखायची हे मला येतं. पण दमलेल्या माणसाला येत असलेलं सुद्धा सुचत नाही. दमलेला ड्रायव्हर गाडी चालवत असेल तर आपण पोरं त्या गाडीत बसवू का? नाही ना? मग दमलेला प्रशिक्षक?

त्याच महिन्यात दुसरी गोष्ट घडली, ती घरातली. माझी मुलगी तेव्हा चौथीत, दुसऱ्या शाळेत. कसला तरी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होतो. तुकडीच्या रकान्यात मी 'अ' लिहिलं. ती शेजारीच बसली होती. म्हणाली, "बाबा, मी जूनपासून 'ब'मध्ये आहे." तेव्हा दिवाळी जवळ आली होती. आणि माझ्या संघातल्या बाराही पोरींच्या जन्मतारखा मला तोंडपाठ होत्या! वयोगटाच्या फॉर्मवर भरून भरून पाठ झालेल्या. स्वतःच्या लेकीची तुकडी मात्र ठाऊक नव्हती.

बायको काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या हातातून पेन घेतलं आणि खोडून 'ब' केलं.

त्यागाच्या गोष्टी आणि त्यांच्या पलीकडे

आपल्याकडे गुरूच्या त्यागाच्या गोष्टी फार आवडीने सांगितल्या जातात. मीही सांगतो. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला खाशाबा जाधवांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट सांगताना माझा गळा आजही दाटतो. पण अलीकडे त्याच गोष्टीत मला दुसरा प्रश्न दिसतो. एका प्राचार्याला घर गहाण का ठेवावं लागलं? ज्यांनी द्यायला हवं होतं त्यांनी दिलं नाही म्हणून. खर्डेकर सरांचं मोठेपण त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण प्रत्येक शिक्षकाने घर गहाण ठेवावं हा काही त्या गोष्टीचा बोध नव्हे. ते घर भिंतींचं होतं. आज आम्ही गहाण ठेवतो ते घर वेळेचं आहे, एवढाच फरक.

रमाकांत आचरेकर सरांचंही तसंच. शिवाजी पार्कवर मुलं घडवणारे हे सर स्टेट बँकेत नोकरीही करत होते. 1990 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, 2010 मध्ये पद्मश्री. स्टंपवर ठेवलेला रुपया आणि सचिनला स्कूटरवर बसवून या मैदानावरून त्या मैदानावर नेणारे सर, या गोष्टी आपल्या पोरांनाही ठाऊक आहेत. नोकरी आणि मैदान, दोन्ही त्या गोष्टींत येतं. घर मात्र येत नाही. ते कुणी विचारतच नाही. गोष्ट सांगणाऱ्यालाही ते विचारावंसं वाटत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही.

आणि ज्यांच्या नावाने 1985 पासून हा पुरस्कार देतात, ते द्रोणाचार्य स्वतः कोण होते? आठवून पाहा. घरात दूध नव्हतं. लहानग्या अश्वत्थाम्याला पाण्यात पीठ कालवून दूध म्हणून दिलं गेलं आणि तो पोरगा ते पिऊन आनंदाने नाचला. ते द्रोणांना सहन झालं नाही. ते द्रुपदाकडे गेले, तिथे अपमान झाला आणि पुढे हस्तिनापूरला येऊन ते राजपुत्रांचे गुरू झाले. म्हणजे आपल्या परंपरेतल्या सर्वांत मोठ्या प्रशिक्षकाची वाट स्वतःच्या लेकराच्या वाटीभर दुधापासून सुरू झाली. आणि रणांगणावर त्यांनी शस्त्र खाली ठेवलं तेही मुलगा गेल्याचं ऐकून. घर विसरलेला माणूस नव्हता तो. आपण मात्र त्यांच्या नावाचा पुरस्कार देताना घर विसरणाऱ्यालाच आदर्श ठरवतो.

शिक्षक लागतोच, म्हणूनच टिकला पाहिजे

कुणी म्हणेल, सर, मग सोडा की हे सगळं. साडेदहा ते पाच करा आणि घरी जा. नाही, तेही मला मान्य नाही.

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी खेळला. आईवडील मजुरी करणारे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने त्याच्यातला खेळाडू ओळखला आणि त्याला क्रीडा प्रबोधिनीची वाट दाखवली. आपल्या शेजारच्या धाराशिवची सारिका काळे खो-खोतून अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचली, 2020 मध्ये. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही तो जिंकला आणि दोन्ही अंतिम सामने नेपाळविरुद्ध होते. त्यानंतर आमच्याकडे पालक स्वतःहून विचारायला लागले, "सर, आमची बी पोरगी घ्या की खो-खोत." खेड्यातल्या मुलासाठी शाळेतला शिक्षक हाच पहिला आणि बहुतेक वेळा एकमेव दरवाजा असतो. तो दरवाजा बंद करा असं मी कसं म्हणेन?

पण याच कारणासाठी तो शिक्षक वीस-पंचवीस वर्षं टिकायला हवा. पहिली पाच-सहा वर्षं जीव तोडून करायचं आणि मग एकदम शिट्टी खुंटीला टांगायची, असे कितीतरी मित्र मी पाहिले आहेत. आज ते तासाला वर्गात बसून हजेरी घेतात आणि मैदान दिसलं की मान फिरवतात. त्यांना आळशी म्हणणं सोपं आहे. ते आळशी नव्हते, ते संपले होते.

जपानने काय केलं?

हा प्रश्न फक्त आपला नाही. जपानमध्ये शाळेतले खेळाचे क्लब शिक्षकच चालवतात, सकाळ-संध्याकाळ, शनिवार-रविवारसुद्धा. 2018 मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने शिक्षकांची पाहणी केली. त्यात जपानच्या माध्यमिक शाळेतला शिक्षक आठवड्याला 56 तास काम करतो असं निघालं. सहभागी देशांची सरासरी साधारण 38 होती. नुसत्या क्लबसारख्या उपक्रमांवर जपानी शिक्षकाचे साडेसात तास जात होते, इतरांचे सरासरी दोनसुद्धा नव्हते. हा 56 चा आकडा वाचला आणि मी माझी वही काढली. वर मांडलेली बेरीज तेव्हाची आहे. आकडा तोच आला!

त्याच वर्षी जपानच्या सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या. आठवड्यातून किमान दोन दिवस सराव बंद, त्यातला एक शनिवार-रविवारपैकी. शाळेच्या दिवशी सराव साधारण दोन तास, सुट्टीच्या दिवशी तीन. पुढे 2023 पासून सुट्टीच्या दिवसांचे क्लब हळूहळू शाळेकडून गावातल्या संस्थांकडे सोपवायला सुरुवात झाली. जपानी माणूस कष्टाला मागे हटणारा आहे असं कुणी म्हणणार नाही. त्यांनाही थांबावंसं वाटलं.

आणि सुट्टी केवळ सरांसाठी नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2007 मध्येच सांगून ठेवलं आहे की वाढत्या वयाच्या खेळाडूला आठवड्यातून एक-दोन दिवस सरावाला सुट्टी हवी आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या एकाच खेळापासून विश्रांती हवी. नाहीतर तेच तेच सांधे झिजतात आणि मनही विटतं. माझ्या त्या पोरीचा गुडघा आठवतो. तिला आणि मला एकाच औषधाची गरज होती.

खो-खोच शिकवतो

खो-खो मी इतकी वर्षं शिकवतो आहे, पण त्यातली एक साधी गोष्ट मला उशिरा कळली. आक्रमण करणाऱ्या संघाचे नऊ गडी मैदानात असतात. त्यातले आठ बसलेले असतात, पळणारा एकच. तो दमला, दिशा चुकली, की पाटीवर बसलेल्याच्या पाठीवर थाप मारतो, "खो!" म्हणतो आणि त्याच्या जागी बसतो. बसणं हा खेळाचाच भाग आहे. जो गडी "मीच पळणार" म्हणून खो देत नाही, त्याला आपण चांगला खेळाडू म्हणत नाही, त्याला बाजूला घेऊन समजावतो.

पोरींना हे रोज सांगणारा मी स्वतः मात्र सतरा वर्षं एकटाच पळत होतो. खो द्यायला पुढे कुणी बसलेलंच नव्हतं. आणि खरं सांगू? कुणी बसावं म्हणून मी कधी जागाही केली नव्हती.

आम्ही काय बदललं

त्या प्रसंगानंतर पुढच्या जूनपासून आम्ही काही गोष्टी केल्या. मोठ्या नाहीत, कुठल्याही शाळेला जमतील अशा.

1. बुधवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ मैदान बंद. स्पर्धेच्या आठवड्यात रविवार गेला तर सोमवारी सकाळी बंद. कुणीही विनंती केली तरी बंद.

2. पहाटेचा सराव तीन दिवस माझा, बाकीचे दिवस दोन माजी खेळाडूंचा. वॉर्मअप मोठ्या पोरी घेतात. पालकांची पाळी लावली आहे, कुणीतरी एक आई किंवा वडील मैदानाच्या कडेला हजर असतात. पोरींना मोठ्या माणसाशिवाय सोडायचं नाही, हा नियम मोडायचा नाही.

3. पूर्वी माझ्याकडे पाच खेळ होते, आता दोन. खो-खो आणि मैदानी स्पर्धा. बाकीच्यांची जबाबदारी दुसऱ्या शिक्षकांनी आनंदाने घेतली. आधी कुणी विचारलंच नव्हतं त्यांना!

4. रात्री आठनंतर ग्रुपवर निरोप नाही. दुखापत किंवा तातडीचं काही असेल तरच थेट फोन.

5. दुखण्याची वही. पोरीने "दुखतंय" म्हटलं की तारीख घालून लिहायचं. दोनदा नोंद झाली की ती मैदानाबाहेर आणि पालकांना फोन. माझ्या मूडवर काही ठेवायचं नाही.

6. हंगाम संपला की तीन आठवडे खो-खो नाही. पोहायचं असेल तर पोहा, लगोरी खेळा, शेतात हुरड्याला जा.

आता निकालही सांगतो, लपवत नाही. आधीच्या वर्षी आम्ही विभागापर्यंत गेलो होतो. बदलानंतरच्या वर्षी तालुका जिंकला आणि जिल्ह्याला उपांत्य फेरीत एका गुणाने हरलो. लगेच गावात बोललं गेलं, "सर आता पहिल्यासारखे राहिले नाहीत." एका पालकाने तोंडावर विचारलं, "सर, ती बुधवारची सुट्टी दिली नसती तर जिंकलो असतो का?" मी म्हणालो, "असतोही कदाचित." खोटं कशाला बोलू? पण त्या वर्षी एकही पोरगी महिना-महिना घरी बसली नाही आणि दहावीत गेली म्हणून एकीनेही खेळ सोडला नाही. एका हंगामावरून मी सिद्धांत मांडत नाही. मला हा सौदा पटला, एवढंच सांगतो.

ज्यांना रजा मागायचीही सोय नाही

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. मी कायम नोकरीतला माणूस आहे. दर महिन्याला पगार येतो, म्हणून मी समतोलाच्या गप्पा मारू शकतो. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावेत असं म्हटलं आहे. 'अंशकालीन' हा शब्द कागदावर ठीक आहे. पण अर्धवेळ पगारात पूर्ण वेळ पोट भरत नाही. मानधनावरचा प्रशिक्षक सकाळी मैदान करतो, दिवसा दुकानात किंवा शेतात राबतो आणि संध्याकाळी पुन्हा मैदानावर येतो. त्याला "सुट्टी घ्या, घरी वेळ द्या" असं सांगणं म्हणजे थट्टा आहे. त्याचा प्रश्न आधी वेळेवर आणि पुरेशा मानधनाचा आहे. आम्हा कायम शिक्षकांनी आपल्या तासांबद्दल बोलताना त्याला विसरायला नको.

आणि खेळाच्या बाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक घेतलं. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः 2004 ची ऑलिंपिक खेळलेल्या. 2024 चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला. किती अभिमानाची गोष्ट! पण आपल्या आसपास पाहा, मैदानावर किती बाई दिसतात? बी.पी.एड. झालेल्या मुली कमी नाहीत. लग्न होतं, पहाटे पाचला घर सोडायचं म्हटलं की "स्वयंपाकाचं काय?" हा प्रश्न येतो. मला सतरा वर्षांत तो कुणी एकदाही विचारला नाही, कारण त्याचं उत्तर माझ्या घरात आधीच उभं होतं. माझं मैदान तिच्या पहाटेच्या चुलीवर चाललं. समतोलाची चर्चा करताना पुरुष प्रशिक्षकाने हे आधी बोललं पाहिजे, म्हणून बोललो.

तुमच्याकडून काय हवं?

मुख्याध्यापकांना विनंती. रविवारी, सुट्टीच्या दिवशी संघ नेला तर त्या शिक्षकाला बदली रजा स्वतःहून द्या, त्याला अर्ज घेऊन तीनदा उभं करू नका. स्पर्धेला दोन शिक्षक पाठवा. नोंदणीचं कागदपत्रांचं काम शाळेचं आहे, एकट्या पी.टी.च्या सरांचं नाही.

सहकारी शिक्षकांना विनंती. "तुमचं बरं आहे, मोकळ्या हवेत फिरायचं" हे वाक्य आता सोडून द्या. एक दिवस पहाटे मैदानावर या. शिट्टी मी देतो.

पालकांना विनंती. पोरगी सरांच्या ताब्यात दिली म्हणजे तुमचं काम संपलं, असं नको. महिन्यातून एक दिवस मैदानाच्या कडेला उभे राहा. सरांना सुट्टीच्या दिवशी फोन करण्याआधी एकदा विचार करा. आणि पदक आणलं की फेटा बांधता तसं, सर घरच्या कार्यासाठी रजेवर गेले तरी कुरकुर करू नका.

आणि माझ्यासारख्या क्रीडाशिक्षकांना. बाबांनो, आपण नसलो तर मैदान बंद पडेल असं आपल्याला वाटत असेल, तर आपण इतकी वर्षं मैदान उभं केलं की स्वतःलाच? मलाही हा प्रश्न टोचला होता. ज्या दिवशी मी नसताना पोरी वेळेवर आल्या, रेघा मारल्या आणि सराव करून घरी गेल्या, त्या दिवशी थोडं वाईट वाटलं, खोटं का बोलू! पण मग लक्षात आलं, शिकवलेलं त्यांना आलं आहे.

माझी मुलगी आता सहावीत आहे. तुकडी 'ब'. तिला खो-खो फारसा आवडत नाही, चित्रं काढायला आवडतं. मागच्या रविवारी सकाळी मैदान बंद होतं, म्हणून आम्ही दोघं गावाबाहेर चालत गेलो. ज्वारी गुडघाभर आली होती. तिने मला विचारलं, "बाबा, तुमच्या घड्याळात माझा टाइम लावून बघा ना, त्या बाभळीपर्यंत." सतरा वर्षं शेकडो पोरींचा टाइम मी लावला होता, हिचा पहिल्यांदाच लावला. किती सेकंद आले ते इथे सांगत नाही. फार चांगले नव्हते.

पुढच्या रविवारी पुन्हा जायचं ठरलं आहे.